आधी बोल, मग विळा

बाणूबाईला सूड घ्यायचा होता आणि तिच्याकडे मेंढरांशिवाय दुसरं काही नव्हतं.

ज्याच्यावर सूड घ्यायचा तो उद्धवराव, धोंडवाडीचा माली पाटील, म्हणजे सारा गोळा करणारा. निजामाचं राज्य हैदराबादेत होतं, धोंडवाडीत उद्धवरावाचं होतं. त्याला कुणी मालक म्हणावं, मायबाप म्हणावं, वाटल्यास देव म्हणावं. त्याच्या तोंडावर खरं तेवढं बोलू नये. संतपूरच्या अंगाला, लाल मुरमाच्या उतारावर ही वाडी होती. वर बीरप्पाची बरडी, मधे गाव, गावाखाली काळी शेतं. बरडी म्हणजे नावाला बरडी. बाणूबाई लग्न होऊन आली तेव्हा तिथं धावडा, खैर, पळस, चारोळी यांचं असं दाट रान होतं की चुकलेलं मेंढरू गळ्यातल्या घुंगराच्या आवाजावर शोधावं लागे. माथ्यावर भंडाऱ्यानं पिवळा झालेला बीरप्पाचा धोंडा होता. कुशीतून एक झरा निघायचा आणि मडिवाळप्पा परटाच्या धुण्याच्या दगडांवरून खाली शेतांकडे जायचा.

धनगर आणि कुणबी यांचा तिथं जुना व्यवहार होता. उन्हाळ्यात मेंढरांनी बरडीवर चरावं आणि रात्री कुणब्याच्या शेतात बसावं. वाघूर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण उभारून, कळप रातभर शेताच्या एका तुकड्यात कोंडला की सकाळी त्या तुकड्याला लेंड्यांचं खत पडलेलं असायचं. कुणब्यानं त्याबद्दल ज्वारी द्यावी आणि धनगरानं वाघूर पुढच्या तुकड्यात सरकवावी. हा करार कुणी लिहिला नव्हता आणि आजवर कुणी मोडलाही नव्हता.

मग एका हिवाळ्यात कोळशाचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आला. शहरात कोळशाला मागणी होती आणि उद्धवरावाला माडी बांधायची होती. बरडी सरकारची, चराई धनगराची, देव सगळ्यांचा. विकली मात्र पाटलानं. दिवाळीला रान होतं आणि शिमग्याला होळीपुरतंही लाकूड उरलं नाही. भट्ट्यांचा धूर गावावर बसून राहायचा. कोळशाच्या गाड्या पाटलाच्या अंगणातून सुटायच्या आणि गुत्तेदाराची माणसं पाटलाच्या ओसरीवर जेवायची, हे सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं.

वरून चौकशी आली तेव्हा चावडीत गाव गोळा केला. तालुक्याचा अमीन, म्हणजे फौजदार, खुर्चीवर बसला. रान गेलं कुठं, असं त्यानं विचारलं. उद्धवराव पान चघळत म्हणाला, "मेंढरांनी खाल्लं, साहेब. धनगरांनी पाल्यासाठी झाडं तोडली, उरलं त्ये मेंढरांनी खाल्लं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. गावानं माना खाली घातल्या. जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला, जणू तिथंच रान उगवणार होतं. फक्त बाणूबाईचा नवरा तुळजाराम उठला. भोळा माणूस. त्यानं हात जोडून अमीनाला विचारलं, "साहेब, मेंढरू धावड्याचं खोड खातंय व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू तुळजारामला भोवलं, कारण पाटलाला शिवी चालली असती, हसू चाललं नाही. तुळजारामला बांधून ठाण्यात नेलं. परत आला तो बैलगाडीत आडवा होऊन. छातीत काहीतरी मोडलं होतं, ते नीट झालंच नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी तो गेला. शेवटचे काही दिवस तो एकच बोलायचा, पाणी पाजताना, कूस बदलताना, झोपेतसुद्धा: "मेंढरांनी न्हाई खाल्लं, बाणे. मेंढरांनी न्हाई खाल्लं."

बाणूबाई रडली नाही. तिच्या पोटात जी आग पडली होती ती विझू नये म्हणूनच ती रडली नसावी.

धाकटा दीर रामलिंग तापट होता. "वैनी, तू फकस्त व्हय म्हण," तो म्हणाला. "पाटलाच्या कडब्याच्या गंजी पेटवतो."

"गंज जळली तर पुढल्या साली नवी रचंल," बाणूबाई म्हणाली. "माझ्या मालकाला चोर म्हणलाय त्यो, माझ्या मेंढरांना चोर म्हणलाय. मेंढरांनी रान खाल्लं म्हणला नव्हं? मग मेंढरंच रान उगवून दावतील. रोज सकाळी माडीवर तोंड धुयाला उभारला की त्याला दिसलं पायजे. मरंस्तवर दिसलं पायजे."

रामलिंगला वाटलं, दुःखानं वहिनीचं डोकं फिरलं. पण बाणूबाई वेडी नव्हती. ती धनगराची पोर होती, आणि धनगराच्या पोराला एक गोष्ट न शिकवता कळते: जिथं मेंढरं बसली तिथं पुढल्या पावसात बोर उगवते, हिवर उगवतो, बाभूळ उगवते. उन्हाळ्यात मेंढरू शेंगा खातं, बोरं खातं. बी पोटातून फिरून, मऊ होऊन लेंडीतून पडतं आणि लगेच रुजतं. कुणबी ती रोपं शिव्या देत उपटतो. बाणूबाईला वाटलं, जी रोपं कुणब्याला नकोत तीच मला हवीत.

त्या हिवाळ्यात तिनं वाघूर उद्धवरावाच्या शेतात लावली नाही. कुणाच्याच शेतात लावली नाही. ती बोडक्या बरडीवर लावली. रोज थोडी सरकवायची. दिवसभर ओढ्याकाठच्या हिवरांना आकडी मारून शेंगा पाडायच्या, मेंढरांना पोटभर चारायच्या आणि रात्री मेंढरं मुरमावर आणून कोंडायची. बदल्यात मिळणारी ज्वारी गेली. पोटाला तिनं तरवडाच्या फुलांची भाजी आणि ताक यांवर भागवलं. खतावाचून पाटलाच्या शेतातलं पीक गुडघ्याला आलं आणि तिथंच थांबलं. हे पाहून बाणूबाईला किती बरं वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला फार बरं वाटलं.

पावसाळा आला आणि बरडीवर हिरवे ठिपके उमटले. वाघूर जिथं जिथं होती तिथं तिथं. बाणूबाई त्या ठिपक्यांतून अनवाणी फिरली.

आणि इथंच ती चुकली. धनगरणीनंच करावी अशी चूक. धनगराचं मेंढरू हिरवं दिसलं की हिरव्यात जातं, आणि धनगराच्या मनात त्याला अडवायचं कधी येत नाही. तिनं कळप बरडीवरच ठेवला. आपल्याच रानाची राखण आपल्याच मेंढरांनी करावी, असा तिचा हिशेब. दसऱ्यापर्यंत एकूण एक रोपाचा शेंडा खुडला गेला होता. नुसत्या काड्या उभ्या होत्या.

उद्धवराव घोड्यावरून चालला होता. बरडीच्या पायथ्याशी त्यानं लगाम ओढला, त्या काड्यांकडे पाहिलं, मेंढरांकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "काय गं बाणू? मी काय खोटं बोललो व्हतो?"

ते हसू तिला सुऱ्यासारखं लागलं. तुळजाराम ज्या खोट्यापायी मेला ते खोटं तिनं स्वतःच्या हातानं खरं करून दाखवलं होतं! त्या रात्री तिनं स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की पाटलाच्या वाट्याला काही उरलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तिनं बीरप्पापुढं भंडारा उधळला, शपथेसाठी मूठभर भंडारा तळहातावर घेतला आणि वाडीतल्या धनगरांना बोलावून सांगितलं: पाऊस पडला की दिवाळी होईस्तवर बरडीवर एकही खूर जायचा नाही. हिवाळ्यात, उन्हाळ्यात पेरायला जायचं. उगवतीच्या दिवसांत फिरकायचं नाही. बंदी आधी माझ्या मेंढराला, मग तुमच्या.

रामलिंग भडकला. "धनगरानं मेंढराला गवत बंद करायचं? कामून? मेलेल्या माणसासाठी जित्याला मारायलीस, वैनी!"

"मारायलेच," ती म्हणाली. "तुला नको असंल तर तुझी मेंढरं घे आन् जा."

तो खरंच आपला अर्धा कळप घेऊन कमठाण्याकडे निघून गेला. त्या पावसाळ्यात बाणूबाई उरलेली मेंढरं काळ्या चिखलाच्या वाटांनी लांब लांब हिंडवत राहिली. चिखलात खुरं सडली, कोकरं गेली. एकेक कोकरू पुरताना तिनं उद्धवरावाचं नाव घेतलं. सूड महाग असतो आणि त्याची किंमत आधी आपल्यालाच द्यावी लागते, हे तिला त्या वर्षी कळलं.

मुरूम वाहून जाऊ नये म्हणून ती दगडांच्या ओळी घालू लागली. तीही पायथ्यापासून, गावाच्या अगदी समोर. का, तर पाटलाला माडीवरून दिसावं. दोन जोरदार सरी आल्या आणि वरून आलेल्या लोंढ्यानं ओळी दगडांसकट ओढ्यात नेल्या. मडिवाळप्पा परीट खांद्यावर गाठोडं घेऊन चालला होता. रान गेलं तसा झराही आटला होता; तेव्हापासून त्याला धुणं घेऊन कोसभर जावं लागे, म्हणजे त्याचाही पाटलावर राग होताच. पण परटाचा राग मुका असतो, कारण पाटलाचं धोतर त्याच्याच गाठोड्यात असतं.

तो म्हणाला, "अक्का, पाणी वरनं यायलंय आन् तू त्याला खालनं अडवायलीस. वर जा की. माथ्यावर पाणी ल्हान असतंय, पोरावाणी, हातानं थांबतंय. खाली आलं की त्ये कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

"वर केलं तर त्याला दिसायचं न्हाई, अण्णा."

"तुला रान पायजे का त्याला दावायला पायजे?"

बाणूबाईला दोन्ही हवं होतं. पण ती वर गेली. दोघांनी बीरप्पाच्या धोंड्यापासून सुरुवात केली आणि वर्षावर्षाला एकेक टप्पा खाली उतरत आले. मडिवाळप्पाची बायको ईरम्मा भाकरी घेऊन यायची आणि दोघांनाही येडे म्हणून जायची. ती भाकरी मात्र एक दिवसही चुकली नाही.

मग एकदा बाणूबाई धावड्याच्या जुन्या बुंध्यावर टेकली तर हाताला काहीतरी मऊ लागलं. कोंब. गुत्तेदारानं बुंधे मेले समजून सोडले होते, तिनंही मेले समजले होते. मेंढरांचं तोंड बंद झाल्याबरोबर बुंधे बोलायला लागले. पळस उठला, धावडा उठला, खैर उठला. तिनं एवढंच केलं की एकेका बुंध्याचे चार चांगले कोंब ठेवले आणि बाकीचे खुडले. जे स्वतःहून यायला निघालं आहे त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, एवढी अक्कल तिला आता आली होती.

गावातले शहाणे आता सल्ले द्यायला लागले. नुसती बाभूळ लाव, लवकर वाढते, म्हणाले. बाणूबाईनं ऐकून घेतलं आणि शेंगा पाच झाडांच्या चारल्या. एका वर्षी किडीनं बाभळी पांढऱ्या केल्या, तेव्हा हिवर आणि बोरी तशाच उभ्या होत्या. "एकाच पोराच्या जिवावर म्हातारपण काढू नये," ती म्हणाली. तिला स्वतःला एकही पोर नव्हतं.

आगही लागली. भर उन्हाळ्यात, वारा गावाकडून वर वाहत असताना. कुणी लावली ते सांगायला नको. उद्धवरावाचा गडी त्या दिवशी विडी ओढायला बरडीवर गेला होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं. अर्धी बरडी काळी झाली. बाणूबाई राखेत बसून राहिली, आणि मग पावसानंतर तीच काळी बाजू जास्त हिरवी झाली. मुळं खाली जिवंत होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं म्हणतात ते तिनं स्वतःवर घेतलं आणि रानावरही. पुढच्या वर्षीपासून तिनं पायथ्याशी गवताचा एक पट्टा कापून मोकळा ठेवायला सुरुवात केली, म्हणजे पाटलाची विडी तिथंच विझावी.

असं करता करता एके हिवाळ्यात मडिवाळप्पा पळत आला आणि तिला हाताला धरून धुण्याच्या दगडांकडे घेऊन गेला. दगड ओले होते. करंगळीएवढी धार होती. म्हातारा त्या धारेत दोन्ही पाय टाकून बसला आणि पोरासारखा हसला. बाणूबाई हसली नाही. ती धारेच्या मागोमाग खाली चालत गेली आणि ज्याची भीती होती तेच तिला दिसलं. झरा सरळ उद्धवरावाच्या विहिरीकडे निघाला होता. काही दिवसांतच त्याची विहीर भरली, त्यानं वांगी लावली, मिरची लावली, आणि गावात सांगत सुटला की आपला पायगुण.

त्या संध्याकाळी ती पहार घेऊन झऱ्यावर गेली. "बीरप्पा, तुझ्या डोळ्यांत भंडारा गेलाय व्हय रं?" ती देवाला म्हणाली. "मी जीव जाळायचा आन् पाणी त्या मुडद्याला?" तोंड फोडून झरा दुसरीकडे वळवायचा तिचा बेत होता. मडिवाळप्पा आडवा आला नाही. तो एवढंच म्हणाला, "वळव, अक्का. माझंबी धुणं बंद व्हईल. पर वळव." तिनं पहार उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी पहार ओढ्यात भिरकावून ती घरी गेली. रागानं तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

पण पाण्याला एक सवय असते, ते संपतं. एका वर्षी पाऊस आला तसाच गेला, आणि पुढच्या वर्षी आलाच नाही. काळ्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. विहिरी तळाला गेल्या, उद्धवरावाचीही. कडबा संपला. जनावरं दावणीला बसली ती उठेनात. आणि वर बरडीवर, हिवराच्या सावलीत, वाळलेलं का होईना, कमरेएवढं पवन्या गवत उभं होतं. झाडांची मुळं खोल होती. शेंगाही लागल्या होत्या.

बाणूबाईनं बीरप्पाच्या धोंड्यापुढं विळे मांडले आणि दवंडी न देता गावाला कळलं: गवत मिळेल. जनावर वर न्यायचं नाही, आपल्या हातानं कापायचं, डोक्यावर न्यायचं. आणि विळा हातात घेण्याआधी भंडारा तळहातावर घेऊन बोलायचं: "ह्ये रान मेंढरांनी खाल्लं न्हाई. उद्धवराव पाटलानं विकलं, आन् आमी गप बसलो."

गाव हादरलं. भगवानराव कुणबी म्हणाला, "बाणूबाई, पाटील जित्ता हाय. असं कसं बोलावं?"

"तुळजारामबी जित्ता व्हता. तवा गप बसायला बरं जमलं की."

नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि हे नाक देवानंच दाबलं होतं. भगवानराव पहिला बोलला, पुटपुटत. बाणूबाईनं कानामागं हात धरला. तो मोठ्यानं बोलला. मग दुसरा, तिसरा. चावडीत ज्यांनी अंगठ्याकडे पाहिलं होतं त्यांनी आता बीरप्पाकडे पाहून सांगितलं. काहींचे डोळे ओले झाले. बाणूबाईला त्यांची दया आली नाही. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती, शब्द गिळत तर नाही ना म्हणून.

उद्धवरावानं निरोप धाडला: सरकारी रान आहे, अमीनाला आणतो. तिनं उलट निरोप दिला: "आणा. साहेब पुसंल, रान कुठनं आलं? मी सांगन, मेंढरांनी आणलं. मग मेंढरांनी खाल्लं त्ये रान कोणतं, त्ये तुमी सांगा." अमीन काही आला नाही.

मग पाटलीण आली, सत्यभामाबाई. डोक्यावरचा पदर सावरत चढ चढून आली, दम लागला होता. उद्धवरावाची देवणी बैलांची जोडी सगळ्या मुलखात नावाजलेली. पाटलाचं काळीज त्या जोडीत होतं.

"बैलं उठंना झाली, बाणूबाई. दोन पेंढ्या दे, माय. मी बोलते काय बोलायचं त्ये."

"पाटलीणबाई, तुमच्यावर राग न्हाई असं मी म्हणत न्हाई. चावडीला लागून तुमची खिडकी हाय, तुमीबी बघत व्हताव. पर बैलं पाटलाची हायत. त्यांनाच धाडा."

सत्यभामाबाईनं मान खाली घातली आणि ती उतरून गेली. दुसऱ्या दिवशी उद्धवराव आला. घोड्याला घालायला दाणा नव्हता, म्हणून पायी आला. सगळं गाव गवत कापायचं थांबलं. बाणूबाईनं त्याच्या तळहातावर भंडारा ठेवला.

"ह्ये रान..." तो म्हणाला आणि थांबला.

"बोला पाटील. बैलं वाट बघायलीत."

"ह्ये रान मेंढरांनी खाल्लं न्हाई. मी विकलं."

"आन् तुळजाराम?"

"तुळजाराम खरं बोलला व्हता."

तिनं त्याच्या हातात विळा दिला. गडी पुढं झाला तर तिनं गड्याला मागं सारलं. पाटलानं स्वतः कापलं, वाकून, हिवराच्या काट्यांनी पाठ ओरबाडून घेत. कित्येक वर्षं ती या क्षणासाठी जगली होती. तिला वाटलं होतं, आता पोट निवेल. ते निवलं नाही. तुळजाराम काही रानातून उठून आला नाही. उलट पाटलाला वाकलेला पाहून तिला आणखी हवं झालं.

पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला. दसऱ्यानंतर बरडीचं गवत खुलं झालं तेव्हा उद्धवरावानं गड्याला दोर घेऊन पाठवलं. बाणूबाई म्हणाली, "पाटलाला बोलायला सांग."

"मालक गेल्या साली बोललेत की."

"गेल्या सालचं गवत गेल्या साली खाल्लं."

आणि तो रिवाजच पडला. दरसाल गवत खुलं व्हायचं त्या दिवशी घरटी एक माणूस बीरप्पापुढं यायचा, ते वाक्य बोलायचा आणि विळा घ्यायचा. उद्धवराव सगळ्यांत शेवटी यायचा आणि भरभर बोलून टाकायचा. गावाला ते ऐकायची चटक लागली. सासरी आलेल्या नव्या सुनांना आधी ते वाक्य पाठ व्हायचं, मग गावाच्या वाटा. त्या वाक्याच्या भीतीनं कुणी बरडीवर एक फांदी तोडत नव्हता; उद्या आपलंही नाव त्यात जोडलं जाईल, हे प्रत्येकाला माहीत होतं. मेंढरं हिवाळ्यात वर जायची, पेरून यायची, पावसाळ्यात लांब राहायची. रामलिंगही परत आला. त्यानं वहिनीच्या पाया पडून पहिलं ते वाक्य म्हटलं, खरं तर त्या दिवशी तो चावडीत नव्हताच; असता तर गप बसला नसता.

उद्धवराव अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मेला. अंथरुणात, माडीवर, खिडकीसमोर बरडी ठेवून. बाणूबाई मयताला गेली नाही. त्याच सप्टेंबरात फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. काही दिवस गाव दारं लावून बसलं होतं. दसऱ्यानंतर गवत खुलं करायचा दिवस आला, लोक दोर घेऊन बीरप्पापुढं जमले, आणि उद्धवरावाचा मुलगा श्रीमंत एका गुत्तेदाराला घेऊन वर आला. मागं कुऱ्हाडी घेतलेली माणसं होती.

"निजाम गेला," श्रीमंत मोठ्यानं म्हणाला. "आता धनगरणीचं राज बी संपलं. अप्पा बी गेले. बोलायचं त्ये पुरं झालं." मग गुत्तेदाराकडे वळून म्हणाला, "रान आमचं हाय. माथ्यापासनं धरा."

बाणूबाई काठी टेकत पुढं आली. ती थकली होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तिला वाटलं, झालं. बाप मेला, आता ह्याच्या तोंडातून कोण काढणार? खोटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. भगवानराव जवळ उभा होता, तो हळूच म्हणाला, "सोड आता, बाणूबाई. मेलेल्या माणसाचं काय घेऊन बसायलीस?"

"त्यो मेला म्हून खोटं मरतंय व्हय?" ती ओरडली.

तेव्हा गर्दीतून सत्यभामाबाई बाहेर आली. पांढऱ्या कपाळाची, हातात दोर. दरवर्षी ती सगळ्यांच्या मागं उभी राहून नवऱ्याचं बोलणं ऐकत असे. ती बीरप्पापुढं गेली, स्वतःच्या हातानं भंडारा घेतला आणि गुत्तेदाराकडे तोंड करून उभी राहिली.

"ह्ये रान मेंढरांनी खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं विकलं. गुत्तेदाराला मी माझ्या हातानं जेवाया वाढलं, खिडकीतनं सगळं बघितलं आन् गप बसले. आता माझा पोरगा विकायलाय. आज मी गप बसणार न्हाई."

"माय!" श्रीमंत म्हणाला.

"गप. कुऱ्हाड लावायची असंल तर आधी मला लाव."

मग कुणी सांगितलं नाही, पण भगवानराव बोलला. मागून ईरम्मा बोलली. मग सगळं गाव एका आवाजात ते वाक्य बोलायला लागलं, वर्षानुवर्षं घोटलेलं, आणि शेवटी प्रत्येकानं श्रीमंतचं नाव जोडलं. गुत्तेदारानं एकदा गर्दीकडे आणि एकदा श्रीमंतकडे पाहिलं. जे रान चोरून विकलं जातंय असं सगळं गाव ओरडून सांगतंय त्यात पैसा घालण्याइतका तो खुळा नव्हता. तो माणसं घेऊन उतरून गेला. श्रीमंत तिथंच उभा राहिला, अंगठ्याकडे बघत.

सत्यभामाबाईनं बाणूबाईपुढं हात केला. बाणूबाईनं चाचपून एक धारेचा विळा उचलला आणि तिच्या हातात दिला. मग ती बीरप्पाच्या धोंड्याला टेकून खाली बसली. तुळजाराम गेल्यापासून जे रडू तिनं आवळून धरलं होतं ते आता सगळ्या गावादेखत आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही.

मडिवाळप्पा शेजारी येऊन बसला. "काय झालं, अक्का?"

"आज मेला, अण्णा," बाणूबाई म्हणाली. "उद्धवराव आज मेला."

खाली हिवरांच्या सावलीत पाटलीण गवत कापायला लागली होती.